लाफोंत रस्त्यावरची शिडी

मित्रांनो, मी शिडी आहे. जुनी, लाकडी, सहा पायऱ्यांची, घडी होणारी. आणि माझ्या डोक्यावर लहान मुलाला बसायला पेटीसारखी एक खुर्ची आहे. शिडीला खुर्ची कशाला, असं न्यू ऑर्लीन्समधलं कोणी विचारत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत कार्निव्हलच्या सणाच्या मिरवणुका निघाल्या की रथांवरून मण्यांच्या माळा उधळतात, आणि गर्दीत उभ्या असलेल्या लहान मुलांना मोठ्यांच्या पाठींपलीकडे काही दिसत नाही. म्हणून आमच्याकडे घरोघरी अशी शिडी असते. मूल वर बसतं, बाप मागे उभा राहून शिडी धरतो, आणि मिरवणूक मुलाच्या डोळ्यांसमोरून जाते.

मला ऑल्सीद ऑनोरे यांनी घडवलं. ते गिलाव्याचं काम करायचे. माझ्या खालच्या दोन पायऱ्यांवर अजूनही चुन्याचे ठिपके आहेत. पहिली नात झाली तेव्हा त्यांनी मला कामावरून काढून घरी आणलं, पाण्याला दाद न देणाऱ्या फळ्यांची खुर्ची केली, चार बोल्टांनी ती डोक्यावर बसवली आणि मुलाच्या पोटासमोर येईल असा एक आडवा दांडा घातला. मागच्या पायांना चाकं लावली. दर वर्षी कार्निव्हलच्या आधी ते मला एक हात रंग द्यायचे: एकदा जांभळा, एकदा हिरवा, एकदा सोनेरी. नातीचं नाव शँट्रेल. ती आठ वर्षांची होईपर्यंत माझ्यावर बसली.

आमचा रस्ता लाफोंत. दोन्ही बाजूंनी गाड्या आणि मधे ओकच्या झाडांचा रुंद गवताचा पट्टा. त्या पट्ट्यावर ऑल्सीद मला उभी करायचे आणि पावलांनी अंतर मोजायचे. शिडी जितकी उंच, तितकी ती रस्त्याच्या कडेपासून मागे ठेवायची, म्हणजे आडवी झालीच तर मूल रथाखाली जात नाही. हा नियम ते शँट्रेलला दर वर्षी सांगायचे. दर वर्षी ती म्हणायची, "आजोबा, मला माहीत आहे." 'निळे बगळे' नावाच्या क्लबची मिरवणूक शनिवारी सकाळी आमच्यासमोरून जायची. रथ थोडे, वाजवणारे पुष्कळ.

मग मोठं वादळ आलं. पाणी माझ्या चौथ्या पायरीपर्यंत चढलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं. बगळ्यांचे रथ कोठारातच गंजले, क्लबची माणसं गावोगाव पांगली. ऑल्सीद ह्यूस्टनला मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले. लाफोंतवरून त्यानंतर एकही मिरवणूक गेली नाही. मी पडवीत पडून होते. माझ्या खुर्चीत आधी कोळ्यांनी घर केलं आणि मग शेजारच्या मांजरीने.

शँट्रेल शिकून परत आली तेव्हा मला पुन्हा माणसांत जागा मिळाली. ती आमच्याच रस्त्यावरच्या शाळेत पालकांशी संपर्क ठेवण्याचं काम करू लागली. शाळेकडे धड शिडी नव्हती, म्हणून तिने मला तिथे नेलं. दिवे बदलायला, छताचे पंखे पुसायला, नाताळात तारे लावायला मी उपयोगी पडायचे. बाकीचे दिवस सामानाच्या खोलीत, खुर्चीत हरवलेल्या स्वेटरांचा ढीग घेऊन. मला त्याबद्दल तक्रार नव्हती. स्वेटर मुलांचेच होते.

आता शाळेबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. लाफोंत शाळा चार्टर शाळा आहे. फी नाही, प्रवेशाला परीक्षा नाही. पण अशा शाळेला सरकारच्या मंडळाशी ठरावीक वर्षांचा करार करावा लागतो, आणि मुलं आली नाहीत तर करार पुढे सरकत नाही. गावातल्या सगळ्या शाळांसाठी एकच अर्ज असतो. त्यात आईबाप पसंतीच्या क्रमाने शाळांची नावं लिहितात. त्या वर्षी मंडळाचं पत्र आलं: जानेवारी संपेपर्यंत बालवर्गासाठी सव्वीस कुटुंबांनी लाफोंतचं नाव पहिलं लिहिलं पाहिजे, नाहीतर शाळा कालव्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकू.

तेव्हा अर्ज होते नऊ. त्या नवांतला एक शँट्रेलच्या मुलीचा, नायलाचा. नायला पाचाची होत आली होती. कालव्यापलीकडे जायचं तर सकाळी सहाला बस, आणि मधे वर उचलला जाणारा पूल. बोट आली की तो अर्धा अर्धा तास उघडा राहतो. शँट्रेलने एकदा त्या बसमागून स्वतः गाडी चालवत जाऊन पाहिलं होतं. बसमध्ये चालकाखेरीज मोठं माणूस एकही नव्हतं. तेव्हापासून तिच्या तळहातावर पेनाने लिहिलेल्या यादीत पहिली ओळ तीच असायची: सव्वीस.

शाळेला त्या वर्षी दहा वर्षंही पूर्ण होत होती. म्हणून ठरलं की शाळेचा वाढदिवस करायचा, सगळ्या वस्तीला दार उघडायचं आणि त्याची जोरात जाहिरात करायची. बैठक जेवणघरात झाली. मी तिथेच होते, कारण स्वयंपाकीण मिस व्हर्लीन माझ्यावर चढून दिवा बदलत होत्या.

मुख्याध्यापक मिस्टर प्रूइट ओहायोचे, दूर उत्तरेकडचे. माणूस सरळ, कागद नीट लावणारा. ते म्हणाले, "शनिवार, दहा ते बारा. आधी स्वागत, मग पडद्यावर दहा वर्षांचे आकडे, मग शाळेतून फेरी."

"आणि खायला?" मिस व्हर्लीननी वरून विचारलं.

"बिस्किटं आहेत."

"माणसांना घरी बोलावून बिस्किटं देणार? त्यापेक्षा दाराला कुलूप लावा. तेवढीच अब्रू राहील."

प्रूइटनी वहीत लिहिलं: जेवण. मग शँट्रेलकडे बघून म्हणाले, "पत्रकांचं काय झालं?"

"एकशेचाळीस दारं वाजवली," शँट्रेल म्हणाली. "अर्ध्या लोकांना वाटतं, इथली जुनी शाळा वादळात बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. एका बाईंनी पत्रक उलटं करून त्यावर किराणा लिहिला, माझ्यासमोर."

"घेतलं ना पण?" व्हर्लीन म्हणाल्या. "चला, दुकानापर्यंत तरी जाईल."

शेवटी एक मोठा कापडी फलक करायचं ठरलं. तो मधल्या पट्ट्यावर दोन ओकच्या मधे टांगायचा. छापणाऱ्याने त्यात एक घोळ केला. 'शनिवार, सकाळी १०, लाफोंत' ही अक्षरं माणसाएवढी काढली आणि खाली कोपऱ्यात शाळेचं नाव बोटाएवढं.

बुधवारी दुपारी शँट्रेल मला ढकलत पट्ट्यावर घेऊन गेली. नायला सोबत होती. दोऱ्या बांधून होताहोताच पोरगी कान धरून रडायला लागली. अंग तापलेलं. शँट्रेलचा चेहरा उतरला. शाळेपर्यंत मला परत ढकलत न्यायचं तर पाच मिनिटं लागली असती, आणि तापलेल्या पोरीला रस्त्याच्या मधे उभं ठेवायला तिचं मन घेईना. तिने मला दिव्याच्या खांबाला साखळीने बांधलं आणि पोरीला उचलून डॉक्टरांकडे पळाली.

तिची चूक एवढीच झाली की घाईतही तिने मला नीट ठेवलं. तोंड रस्त्याकडे केलं, आडवा दांडा लावला आणि कडेपासून सहा पावलं मोजून मागे उभी केली. लहानपणीची सवय होती, पायांनी आपोआप केली. दुसऱ्या गावात लोकांनी म्हटलं असतं, कोणीतरी शिडी विसरलं. आमच्या गावात मिरवणुकीची शिडी अशी उभी दिसली की त्याचा एकच अर्थ होतो.

गुरुवारी सकाळी समोरच्या घरातले मिस्टर क्लोव्हिस ट्रॅपॅन्ये कुत्र्याला घेऊन बाहेर आले. वय पंचाहत्तर. पूर्वी ते बगळ्यांच्या मिरवणुकीत ट्रोम्बोन वाजवायचे. त्यांनी मला पाहिलं, फलकाकडे पाहिलं, आणि घराकडे वळून हाक मारली, "लोरेता, बाहेर ये. बगळे परत आलेत."

त्यांची बायको दारात आली. "कोणी सांगितलं?"

"शिडी लागलीये. वेळही लिहिलीये. अजून काय तुला पत्रिका पाठवायची?"

खालचं बारीक नाव त्यांनी वाचलं असावं. पण आमच्याकडे मिरवणुकीच्या फलकाखाली कोणा ना कोणा देणगीदाराचं नाव असतंच; ते कोण मनावर घेतो?

दुपारपर्यंत माझ्या शेजारी दोन खुर्च्या आल्या. संध्याकाळी एक हिरवी शिडी. शुक्रवारी सकाळी चार, दुपारी अकरा. मिस ऑक्टेव्हिया ग्रॅन्डप्री या पोस्टातल्या निवृत्त बाई गवतावर ताडपत्री अंथरून तिच्या चार कोपऱ्यांवर विटा ठेवून गेल्या. एका तरुण बापाने आपली शिडी अगदी कडेला लावली, तेव्हा त्यांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. "बाळा, तुझ्या आईने तुला मागे ठेवलं म्हणून तू आज जिवंत आहेस. मागे घे." त्याने मागे घेतली.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं. शिडीला बोलता येत नाही. लोक माझ्याकडे बघून हसत होते, कोणी माझ्या खुर्चीवर प्रेमाने थाप मारून जात होतं, आणि मला ते आवडतही होतं. एवढी माणसं मी वीस वर्षांत पाहिली नव्हती.

शाळेतल्या कोणी शँट्रेलला का सांगितलं नाही? मिस व्हर्लीनना वाटलं, पोरीने मोठी वाजंत्री ठरवली आहे आणि आपल्याला गंमत म्हणून सांगितलेलं नाही. आणि मिस्टर प्रूइटनी शुक्रवारी फोन करून तिला सांगितलं, की प्रतिसाद फार चांगला आहे, लोक आत्तापासून खुर्च्या आणून ठेवतायत. नायलाचा कान दोन दिवस ठणकत होता आणि तिची आई दोन गल्ल्या पलीकडे घरी तिच्या उशाशी बसून होती. शँट्रेलने अर्धंच ऐकलं. तिला वाटलं, खुर्च्या शाळेच्या हॉलमध्ये.

शनिवारी साडेनऊला ती नायलाचा हात धरून लाफोंतवर वळली आणि थांबली. एकतीस शिड्या होत्या. दीडशेच्या आसपास माणसं. कोणी कोळशावर सॉसेज भाजत होतं. मुलं वर बसून रस्त्याच्या टोकाकडे माना लांब करून बघत होती.

प्रूइट फाटकातून धावतच आले. त्यांचा टाय वाऱ्याने खांद्यावर गेला होता. "शँट्रेल, आपली जाहिरात लागू पडली."

"नाही, सर." तिने शिड्यांकडे बोट केलं. "हे शाळेसाठी नाही आलेले. मिरवणुकीसाठी आलेत. मी शिडी बाहेर ठेवली."

"शिडी ठेवली म्हणून?"

"हो, सर. शिडी ठेवली म्हणून."

प्रूइटनी टाय सरळ केला. मग हळू आवाजात म्हणाले, "दहा वाजता फाटक उघडू. लोक आत आले की हळूहळू कळेल त्यांना. अर्ज तर आत भरून घेता येतील."

शँट्रेलने तळहाताकडे पाहिलं. सव्वीस. मला वाटलं ती हो म्हणेल. तिच्या जागी मी म्हटलं असतं. ती म्हणाली, "सर, ही माणसं पोरांना घेऊन बसलीत. फसवून आत आणली तर ती पोरं आपल्याकडे ठेवतील का?"

तिने नायलाला मिस व्हर्लीनकडे दिलं आणि माझ्या तिसऱ्या पायरीवर चढली. तिने दोनदा "ऐका" म्हटलं तरी कोणी ऐकेना. मग मिस व्हर्लीननी पातेल्यावर डाव आपटला.

"मी शँट्रेल. ऑल्सीद ऑनोरेंची नात," ती म्हणाली. "ही शिडी माझी आहे. बुधवारी फलक लावायला आणली होती. पोरीला ताप आला म्हणून इथेच सोडून गेले. मिरवणूक नाहीये. बगळे येणार नाहीत. चूक माझी आहे. शाळेचा खुला दिवस आहे, तेवढाच आहे."

सॉसेज भाजणाऱ्याने चिमटा खाली ठेवला.

"म्हणजे मी सकाळी सहापासून पाठ मोडून घेतली," मिस्टर क्लोव्हिस म्हणाले, "ती शाळा बघायला? शाळा मी पाहिलीये. सातवीत सोडली."

लोक हसले, पण सगळे नाही. मिस ऑक्टेव्हियांनी विटा उचलल्या आणि ताडपत्रीची घडी घालायला लागल्या. "शहाण्या बाईने रस्त्यात शिडी ठेवू नये," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, नातवाला बखोटीला धरलं आणि निघाल्या. त्यांच्यामागून आणखी दहाबारा शिड्या घडी झाल्या. शँट्रेल माझ्यावरून उतरलीसुद्धा नाही. जाणाऱ्यांकडे बघत उभी राहिली.

"लाल घेवडा शिजलाय, भातही झालाय," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "ज्यांना चिडायचंय त्यांनी खाता खाता चिडावं."

मिस्टर क्लोव्हिसचा नातू शिडीवर बसून विचारत होता, बगळे कधी येणार. आजोबांनी खुर्चीखालून काळी पेटी ओढली. "मी याला मिरवणूक दाखवतो म्हणून आणलंय," ते बायकोला म्हणाले. "मी माझ्या नातवापुढे खोटा पडणार नाही."

"तू एकटा वाजवणार? एकट्याची मिरवणूक म्हणजे वेड लागलेला म्हातारा."

"मग तू चल बरोबर. दोन वेडे."

त्यांनी ट्रोम्बोन तोंडाला लावला. पहिले दोन सूर फुसके निघाले, तिसरा लागला. पलीकडच्या ताडपत्रीवरून एकाने ट्रम्पेट काढला. बगळ्यांबरोबर वाजवायचं म्हणून तो जपून आणला होता. शाळेतली तिसरीची मुलं वर्गातल्या रंगाच्या रिकाम्या बादल्या घेऊन बाहेर आली आणि जमेल तशी बडवू लागली. ताल काही फार जमला नाही. पण मिरवणूक निघाली. कोपऱ्यापर्यंत गेली, शाळेला वळसा घातला आणि फाटकातून आत शिरली. मिस व्हर्लीन मला चाकांवर ढकलत होत्या. नायलाला वर बसायचं होतं. शँट्रेल म्हणाली, "चालत्या शिडीवर मूल नाही." म्हणून माझी खुर्ची रिकामीच गेली आणि लोकांनी तिच्यात कोट टाकले.

आत हॉलमध्ये मला भिंतीला टेकवून ठेवलं. पडद्यावरचे आकडे कोणी पाहिले नाहीत. प्रूइटनी ते समजून स्वतःच यंत्र बंद केलं आणि भात वाढायला उभे राहिले. आया मात्र शँट्रेलभोवती जमल्या. एकीने संडासाच्या दारांना कड्या आहेत का ते स्वतः लावून पाहिलं. दुसरीने विचारलं, "नाकातून रक्त आलं तर कोण बघतं?" तिसरी म्हणाली, "माझं पोरगं कोणाला काही सांगत नाही. भूक लागली तरी गप्प बसतं."

शँट्रेलकडे या सगळ्याची उत्तरं होती, कारण हे प्रश्न तिने स्वतःलाच वर्षभर विचारले होते. नर्स मंगळवारी आणि गुरुवारी असते. बाकीचे दिवस नसते, तेव्हा ऑफिसातल्या बाई बघतात. गप्प बसणाऱ्या मुलांची नावं मिस व्हर्लीनना दिलेली असतात. मागच्या अंगणातली जाळी एका जागी सैल आहे, मार्चमध्ये बदलणार. तिने जाळीही लपवली नाही.

त्या दिवशी बारा अर्ज भरले. नऊ आणि बारा, एकवीस. सोमवारी दोन आले, मंगळवारी एक. बुधवारी मुदत संपत होती आणि दुपारी चारपर्यंत फक्त एक आला. पंचवीस. शँट्रेल हॉलमधल्या संगणकासमोर बसून होती. नायला माझ्या खालच्या पायरीवर बसून चुन्याचे ठिपके नखाने खरवडत होती.

साडेचारला मिस ऑक्टेव्हिया आल्या. हातात जन्मदाखला, मागे नातू. नमस्कार-चमत्कार काही नाही. समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"कुठे सही करायची?"

शँट्रेल खुर्चीतून उठली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"रागावलेच आहे. अजून उतरलेला नाही." त्यांनी चष्मा लावला. "पण जी बाई दीडशे माणसांपुढे स्वतःचा गाढवपणा कबूल करते, ती माझ्या नातवाला कुठे विसरली तर निदान मला फोन करील. बाकीच्या शाळा चकचकीत आहेत. फोन करतील की नाही, माहीत नाही. सही कुठे?"

ऑगस्टमध्ये बालवर्ग भरला. नायला तिसऱ्या रांगेत बसते, ऑक्टेव्हियाबाईंच्या नातवाशेजारी, आणि दोघं फार बोलतात अशी वर्गातल्या बाईंची तक्रार आहे. करार पुढे गेला. पाच वर्षांचा नाही, दोन वर्षांचा. मंडळाने लिहिलं, पुढच्या जानेवारीत बालवर्गाचे अर्ज पुन्हा मोजू. शँट्रेलच्या तळहातावर आता दुसरा आकडा आहे.

मी सामानाच्या खोलीत आहे. मागच्या महिन्यात माझी दुसरी पायरी तडकली. कोणाला दिसलं नाही. माझ्यावर चढणाऱ्याचं लक्ष वर दिव्याकडे असतं. मित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी जुनी वस्तू असेल. तिच्यावर मूल बसवण्याआधी तिचे बोल्ट हाताने हलवून बघा, पायऱ्या एकेक दाबून बघा. रंग नंतर द्या. शाळेचंही तसंच आहे. वाजंत्री असते त्या शनिवारी कोणीही येतं. तुम्ही एखाद्या साध्या बुधवारी या, अकराच्या सुमारास. दारं ओढून बघा, जाळी हलवून बघा, गप्प बसलेल्या मुलाशेजारी जाऊन बसा. तेव्हा काय सैल झालंय ते दिसतं, आणि ते घट्ट करायला अजून वेळ असतो.